उन्हाळ्यात वाचलेले मासे ब्रूडर म्हणून ठेवले तर उष्णता सहन करणारी जात तयार होईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. उन्हाळ्यात तळ्यातले बरेच मासे मेले, जे वाचले ते उष्णतेला टिकणारे असणार, मग तेच ब्रूडर, म्हणजे पैदाशीचे नर-माद्या, म्हणून राखले आणि दरवर्षी असंच करत गेलं तर चार-पाच वर्षांत स्वतःची उष्णता सहन करणारी जात तयार होईल का? आणि त्याला जोडून दुसरा प्रश्न, उष्णता सहन करायचा जीन नेमका कुठला, टेस्ट करून तो सापडतो का.

माझं बरंच आयुष्य माशांच्या पैदाशीत गेलंय आणि हा विचार कामाला लागल्या लागल्या मी पण केला होता, त्यामुळे विचार चुकीचा आहे असं म्हणणार नाही. वाचलेल्यातून काहीच मिळत नाही असं नाही. पण जे मिळतं ते फार थोडं असतं आणि त्यासोबत जे हातातून जातं ते बहुतेक वेळा जास्त असतं. का ते नीट सांगतो, थोडं लांबेल.

सगळ्यात आधी मासे कशाने मेले ते बघा. उन्हाळ्यातली मर बहुतेक वेळा भर दुपारी होत नाही, पहाटे होते. पाणी सगळ्यात गरम असतं दुपारी तीन-चारला, पण तेव्हा शेवाळ ऑक्सिजन सोडत असतं, डीओ मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा मीटर, पाण्यात सोडला तर आकडा चांगला वर दिसतो. रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन खायला लागतं, मासे खातात, तळाचा गाळ खातो, आणि पहाटे चारला टॉर्च मारून बघाल तर सगळे मासे वर येऊन तोंडं उघडी टाकून धापा टाकतायत, मीटर लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आसपास. त्यावेळी पाणी दुपारपेक्षा थंडच असतं की. म्हणजे मासा उष्णतेने मेला असं आपण म्हणतो पण तो गुदमरून मेलेला असतो. उष्णतेचा हात त्यात आहेच, कारण गोड्या पाण्यात २० अंशाला लिटरमागे साधारण ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला ७.५ आणि ३५ ला ७ च्या खाली जातो, आणि इकडे माशाची ऑक्सिजनची गरज दर १० अंशाला जवळजवळ दुप्पट होत जाते. तिजोरी लहान होतेय आणि खर्च वाढतोय. वर गरम पाण्यात स्ट्रेप्टोकोकससारखे जिवाणू जोर धरतात, तिलापियात तर हे फार बघायला मिळतं, मग काही मासे रोगाने गेलेले असतात.

आता यातून जे वाचले ते का वाचले? एखादा पाण्याच्या पाईपच्या तोंडाशी होता म्हणून. एखाद्याने आदल्या संध्याकाळी खाद्य कमी खाल्लं होतं म्हणून, कारण पोट भरलेल्या माशाला ऑक्सिजन जास्त लागतो. आणि ऑक्सिजन कोसळतो तेव्हा मोठे मासे आधी जातात, लहान मागे राहतात, हे तळ्यावर काम करणाऱ्या कुणीही पाहिलेलं असतं. म्हणजे वाचलेले निवडताना तुम्ही कदाचित हळू वाढणारे मासे निवडताय! उष्णतेसाठी म्हणून सिलेक्शन केलं आणि पाच वर्षांनी हातात काय तर खुजा स्टॉक, असं होऊ शकतं.

म्हणून पैदाशीत पहिला नियम असा की जो गुण मोजाल तोच सुधारेल, आणि 'उष्णता सहन करणं' हा एक गुण नाहीच. निदान तीन वेगळे गुण आहेत. एकदम तापमान चढलं तर किती अंशापर्यंत टिकतो, हा एक. आठवडेच्या आठवडे गरम पाण्यात राहून खातो-वाढतो का, हा दुसरा. आणि गरम पाण्यात कमी ऑक्सिजनवर किती वेळ काढतो, हा तिसरा. यातल्या पहिल्यात पुढे असलेली फॅमिली, म्हणजे एकाच नर-मादीची पिल्लं, दुसऱ्यात पुढे असेलच असं नाही, ह्या गुणांमधला संबंध बरेचदा कच्चा निघतो. ज्याला तळ्यात सहा आठवडे ३४ अंशाचं पाणी काढायचंय त्याने पहिला गुण मोजून काय उपयोग?

पहिला मात्र मोजायला सोपा आहे म्हणून जगभर तोच सगळ्यात जास्त मोजतात. त्याला क्रिटिकल थर्मल मॅक्झिमम म्हणतात, आम्ही नुसतं सीटीमॅक्स म्हणतो. टाकीत हीटर, पाणी फिरवायला पंप, हवेचे बुडबुडे सोडणारा दगड, आणि तापमान मिनिटाला ०.३ अंश या गतीने वर नेत जायचं. सुरुवातीला मासे शांत असतात. मग कल्ल्यांची उघडझाप वाढते, मग एकदम सैरावैरा पोहायला लागतात, भिंतीला धडकतात, मग परत मंदावतात आणि शेवटी एक क्षण असा येतो की मासा एका अंगावर कलंडतो, सावरायचा प्रयत्न करतो, आणि सावरता येत नाही. त्या क्षणी थर्मामीटरवरचा आकडा दशांशापर्यंत लिहायचा, मासा अलगद जाळीने काढून थंड पाण्यात सोडायचा आणि त्याच्या अंगात ओळखीसाठी टोचलेली चिप वाचायची. नीट केलं तर जवळजवळ सगळे मासे काही मिनिटांत परत सरळ पोहायला लागतात. ह्या कामाला दोन जण लागतात, एकाने फक्त बघायचं आणि दुसऱ्याने फक्त लिहायचं, कारण शेवटच्या अर्ध्या अंशात मासे पटापट कलंडतात आणि बघणाऱ्याने मान खाली घातली की दोन-तीन आकडे गेलेच समजा.

आता इथे एक गोष्ट जीव तोडून सांगावीशी वाटते कारण तिच्यात माझं एक अख्खं वर्ष गेलं. मासा आधी कुठल्या तापमानात राहत होता यावर त्याचा सीटीमॅक्स फार अवलंबून असतो. ढोबळमानाने, राहतं पाणी एक अंश गरम असेल तर सीटीमॅक्स ०.३ ते ०.५ अंशाने वर जातो, प्रजातीप्रमाणे कमी-जास्त. ह्यात जीन बदललेले नसतात, शरीराने नुसतं जुळवून घेतलेलं असतं. आमच्या पहिल्या चाचणीत एक फॅमिली सगळ्यांच्या वर आली, आम्ही खूश, तिच्यातले नर-माद्या वेगळे काढले, जोड्या लावल्या. पुढच्या पिढीत फरक शून्य. मग मागे जाऊन एकेक टाकी तपासली तेव्हा कळलं की त्या फॅमिलीची टाकी शेडच्या कडेला होती, दुपारनंतर तिच्यावर ऊन यायचं आणि तिचं पाणी बाकीच्यांपेक्षा दीड-दोन अंश गरम राहायचं. म्हणजे आम्ही फॅमिली निवडलीच नव्हती, टाकीची जागा निवडली होती. तेव्हापासून मी प्रत्येक फॅमिली निदान दोन-तीन टाक्यांत वाटून ठेवतो, आणि चिप लावण्याइतकी पिल्लं मोठी झाली की सगळ्या फॅमिली एकाच टाकीत मिसळून वाढवतो. ज्या चाचणीत हे केलेलं नाही तिच्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही, मग ती कुणीही केलेली असो.

ही जुळवून घेण्याची ताकद किती मोठी आणि सिलेक्शनची किती लहान हे बघायचं तर झेब्राफिश नावाच्या छोट्या माशावरचा एक प्रयोग बघा, २०२० मध्ये छापून आला. नॉर्वेतल्या संशोधकांनी भारतातून पकडलेल्या जंगली झेब्राफिशपासून सुरुवात केली आणि सहा पिढ्या, एकूण जवळपास २०,००० मासे, सीटीमॅक्ससाठी सिलेक्शन केलं. काही लाईन, म्हणजे वेगळे राखलेले वंश, वरच्या दिशेने आणि काही खालच्या दिशेने. खालच्या दिशेची लाईन सहा पिढ्यांत साधारण ०.७४ अंश खाली गेली. वरच्या दिशेची? ०.२२ अंश. पिढीला ०.०४ अंश. सहनशक्ती कमी करणं सोपं निघालं आणि वाढवणं अवघड, जणू वर छत आहे आणि मासे आधीच त्या छताला टेकलेत. झेब्राफिश पाळीव खाद्यमासा नाही हे खरं, आणि वरचा आकडा सगळ्या प्रजातींना जसाच्या तसा लावता येणार नाही हेही खरं, पण उष्ण कटिबंधातले जे मासे मुळातच आपल्या मर्यादेच्या जवळ जगतात त्यांच्यासाठी मला हा इशारा गंभीर वाटतो. राहत्या पाण्यातल्या एका अंशाने जेवढा फरक पडतो तेवढा मिळवायला इथे सहापेक्षा जास्त पिढ्या लागल्या असत्या.

आता तुमच्या पद्धतीचं गणित करू. पैदाशीचं सूत्र साधं आहे, पिढीमागची सुधारणा म्हणजे हेरिटॅबिलिटी गुणिले निवडलेल्या माशांची सरासरीवरची आघाडी. हेरिटॅबिलिटी म्हणजे माशामाशातल्या फरकापैकी किती हिस्सा आई-बापाकडून पुढे जातो तो आकडा. उदाहरणासाठी धरू की सीटीमॅक्समध्ये मासे सरासरीच्या आजूबाजूला साधारण अर्धा अंश पसरलेत, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन ०.५, आणि हेरिटॅबिलिटी ०.२. नीट मोजून वरचे १० टक्के निवडले तर आघाडी येते साधारण ०.८८ अंश आणि पिढीमागे सुधारणा ०.१८ अंश. कागदावरची, हो. पण तळ्यातले ३० टक्के मासे मेले आणि उरलेले ७० टक्के ठेवले तर आघाडी फक्त ०.२५ अंश आणि सुधारणा ०.०५. आणि हे पण तेव्हा, जेव्हा एकूण एक मासा शुद्ध उष्णतेने मेलाय असं धरलं. ऑक्सिजन, रोग, जागा, खाद्य हे सगळं मिसळलं की त्यातलंही निम्मं गेलं समजा.

मग कुणी म्हणेल की आमचे ९५ टक्के मेले, म्हणजे सिलेक्शन कडक झालं. कडक झालं खरं, पण ब्रूडर किती उरले? समजा २ नर आणि १० माद्यांवर पुढची पिढी काढली. दिसायला बारा मासे दिसतात पण आनुवंशिकतेच्या हिशोबाने ती संख्या होते चार गुणिले दोन गुणिले दहा भागिले बारा, म्हणजे सात पण नाही. अशा स्टॉकमध्ये इनब्रीडिंग पिढीला साडेसात टक्क्यांनी वाढतं. सांभाळून चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ते पिढीला एक टक्क्याच्या आत ठेवायची धडपड असते आणि त्यासाठी ही आनुवंशिक हिशोबाची संख्या निदान ५० लागते. जवळच्या नात्यातल्या पैदाशीचा फटका पहिल्यांदा कुठे बसतो तर जगण्यावर, अंडी उबण्यावर आणि ताण सहन करण्यावर, म्हणजे जे वाढवायला निघालो तिथेच. लहान हॅचरीतले स्टॉक असे चार-पाच वर्षांत बसलेले मी पाहिलेत आणि मालकाला शेवटपर्यंत वाटत असतं की पाण्यातच काहीतरी बिघडलंय.

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. उष्णतेचा असा एक जीन नाही. लोकांना हीट शॉक प्रोटीनचं नाव माहीत असतं, एचएसपी ७० वगैरे, आणि ते महत्त्वाचे आहेतच, गरम झाल्यावर पेशीतली बाकीची प्रोटीन वाकडीतिकडी होतात त्यांना ही धरून ठेवतात, परत सरळ करतात. अंटार्क्टिकाच्या थंडगार समुद्रातले काही मासे तर लाखो वर्षं उष्णता न पाहिल्यामुळे ही प्रोटीन गरजेला वाढवायची सवयच गमावून बसलेत. पण ज्या माशात एचएसपी जास्त तो जास्त टिकणारा, असं सरळ नाही. कित्येकदा त्याचा अर्थ एवढाच असतो की त्या माशाचं नुकसान लवकर सुरू झालं. त्याशिवाय पेशीच्या पडद्यातल्या चरबीचा प्रकार आहे, गरमीत पडदा वितळल्यासारखा सैल होऊ नये म्हणून मासा त्यातली संतृप्त चरबी वाढवतो. कल्ल्यांचा पृष्ठभाग आहे, हिमोग्लोबिन आहे, आणि सगळ्यात वर हृदय आहे. तापमान चढतं तसे ठोके वाढतात, एका मर्यादेला पोचले की वाढायचे थांबतात, मग लय बिघडते, आणि तिथून पुढे मासा फार वेळ टिकत नाही. कॅनडातल्या फ्रेझर नदीत सॉकआय सामनचे वेगवेगळे कळप आहेत, ज्यांना अंडी घालायला उलट्या प्रवाहात लांब आणि अवघड वाट चढावी लागते त्यांची हृदयं आणि ऑक्सिजन वापरायची ताकद त्या वाटेला साजेशी वेगळी झालीय. हे अनेक पिढ्यांचं काम आहे आणि त्यात एका जीनचा वाटा शोधत बसण्यात अर्थ नाही.

रेनबो ट्राऊटमध्ये १९९८ पासून काही मार्कर, म्हणजे डीएनएवरच्या खुणा, सापडलेत ज्यांचा वरच्या तापमानाच्या सहनशक्तीशी संबंध दिसतो, आणि एका फॅमिलीत दिसणारा संबंध दुसऱ्या फॅमिलीत पुसट होतो हा अनुभव पण तेव्हापासूनचाच आहे. शेकडो जीन, प्रत्येकाचा चिमूटभर वाटा, असा हा गुण आहे. म्हणून आता जीनोमिक सिलेक्शन वापरतात, मुळात २००१ मध्ये मांडलेली कल्पना. त्यात कुठलाही एक जीन शोधत नाहीत, हजारो मार्कर एकत्र धरून माशाची अंदाजे योग्यता काढतात. माशांत याचा फायदा जास्त, कारण एका मादीची हजारो पिल्लं असतात. निम्म्या भावंडांना गरम पाण्याच्या कठोर चाचणीत घालायचं, त्यांचे आकडे आणि डीएनए घ्यायचे, आणि ज्यांना चाचणीत घातलंच नाही अशी त्यांची भावंडं ब्रूडर म्हणून निवडायची. चाचणीतून गेलेला, रोगाशी संपर्क आलेला मासा ब्रूडर टाकीत आणायची गरज पडत नाही. जीनोमिक जमत नसेल तर नुसत्या फॅमिलीच्या नोंदींवरही हेच करता येतं, निकाल थोडे ढोबळ येतात एवढंच. गिफ्ट तिलापिया ही सुधारित जात १९८८ मध्ये फिलिपिन्समध्ये सुरू झाली तेव्हा जीनोमिक काही नव्हतं, आफ्रिकेतले चार जंगली आणि आशियातले चार पाळीव स्टॉक एकत्र आणले, फॅमिली वेगळ्या वाढवल्या, खुणा केल्या, वजनं केली. भुवनेश्वरला १९९२ मध्ये सुरू झालेला जयंती रोहू या सुधारित जातीचा प्रोग्रॅम पण तसाच, पिढीला सरासरी १७ टक्के वाढ मिळाली. पण लक्षात घ्या, दोन्हीकडे मोजलेला गुण वाढ होता, आणि वाढीत माशामाशात फरक खूप मोठा असतो, सीटीमॅक्समध्ये सगळे मासे एक-दोन अंशांच्या पट्ट्यात दाटलेले असतात. वाढीचे आकडे बघून उष्णतेत पण तसंच होईल ही आशा धरू नका.

वाचलेल्यांतून जात घडल्याची उदाहरणं नाहीतच का? आहेत. पश्चिम ऑस्ट्रेलियातली रेनबो ट्राऊट हे मला सगळ्यात बोलकं वाटतं. थंड पाण्याचा मासा, तिथल्या उन्हाळ्यात अनेक दशकं हॅचरीत टिकून राहिला, आणि आज तो इतर ट्राऊटपेक्षा गरम पाण्यात चांगला तग धरतो. जपानमध्ये मियाझाकीत पण १९६० च्या दशकापासून अशी ट्राऊटची लाईन सांभाळलीय. पण तिथे काळ दशकांचा आहे, दोन-चार वर्षांचा नाही, आणि ट्राऊट आपल्या मर्यादेच्या तसा खाली सुरू झाला होता, वर सरकायला जागा होती. तिलापिया आधीच ४० च्या आसपास टेकतो, त्याला अजून किती वर ढकलणार?

अजून एक बाजू फार कमी बोलली जाते. मोठा मासा सहन करतो पण अंडं आणि ब्रूडर सहन करत नाही. जवळपास ७०० प्रजातींची माहिती एकत्र करून २०२० मध्येच दाखवलं गेलंय की अंड्यातला गर्भ आणि प्रजननाला आलेला मासा यांचा तापमानाचा पट्टा बाकीच्या वयांपेक्षा बराच अरुंद असतो. म्हणजे बोटुकलीची, बोटाएवढ्या पिल्लांची, चाचणी घेऊन जात निवडली आणि हॅचरीत ३३ अंशाला अंडीच उबली नाहीत तर सगळं वाया. नाईल तिलापियात तर कोवळ्या पिल्लांना दहाव्या दिवसाच्या आसपासपासून काही दिवस ३६ अंशाच्या पाण्यात ठेवलं की मादी व्हायची ती पिल्लं पण नर होतात, आणि किती होतात हे फॅमिलीवर ठरतं, हा गुणही आनुवंशिक आहे. नर लवकर वाढतात म्हणून काही जण ह्याच गुणासाठी सिलेक्शन करतात, पण ज्याला पुढची पैदास करायचीय त्याने गरम उन्हाळ्यानंतर ब्रूडरमधले नर-माद्या मोजून बघावेत.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. स्वतःची जात तयार करायचा खटाटोप एका तळ्यावर, एका हॅचरीवर होत नाही, निदान ५० जोड्या, वेगळ्या फॅमिली, खुणा आणि सलग नोंदी लागतात, त्यासाठी चार-सहा हॅचरींनी एकत्र यावं लागतं किंवा एखाद्या चालू प्रोग्रॅमकडून बीज, म्हणजे पिल्लं, घ्यावं लागतं. 'उष्णता सहनशील' म्हणून बीज विकायला कुणी आलं तर एवढंच विचारा की सहनशक्ती कशी मोजली, मासे मोजायच्या आधी किती अंशाच्या पाण्यात ठेवले होते, किती फॅमिली होत्या, आणि तुलनेला साधा स्टॉक त्याच टाकीत होता का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नाही आलं तर जास्तीचे पैसे देऊ नका.

वाचलेले मासे फेकू नका, पण फक्त तेच ब्रूडर ठेवू नका. त्यातले चांगल्या वजनाचे निवडा, त्यात बाहेरून नात्यात नसलेले नर आणा, नर-माद्यांच्या संख्या जवळपास सारख्या ठेवा. उन्हाळा लागायच्या आधी मासे हळूहळू गरम पाण्याला सरावू द्या, थंड टाकीतली बोटुकली थेट तापलेल्या तळ्यात सोडू नका, त्या दोन-तीन आठवड्यांच्या सरावाने जे मिळतं ते कुठलंही सिलेक्शन इतक्या लवकर देत नाही. आणि ह्या उन्हाळ्यात रोज दोन आकडे वहीत लिहा, दुपारी तीनचं तळाचं तापमान आणि पहाटे साडेचारचा ऑक्सिजन. मर झालीच तर त्या दिवशीचे मेलेले मासे वजनाप्रमाणे वेगळे करून मोजा, दोन-चार ताजे मेलेले फोडून मूत्रपिंड आणि मेंदूतून जिवाणूसाठी नमुना द्या. ती वही समोर आली की मासे उष्णतेने जातायत, ऑक्सिजनने की रोगाने हे सांगता येईल, आणि मग पैसे एरेटरवर, म्हणजे पाण्यात हवा घालणाऱ्या यंत्रावर, घालायचे की बीजावर ते ठरवू.